बंद आवाजाची सात मिनिटं

आपा,

तुमची-माझी ओळख एका पंख्यामुळं झाली. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभा मोबाइलवर लाईव्ह दाखवायचं काम मला नवीनच मिळालं होतं. मी आयुष्यभर लग्नाचं शूटिंग केलेला माणूस. हळद, वरात, पाठवणी, यापलीकडं माझा कॅमेरा कधी गेला नव्हता. सभागृहात स्टँड लावला, माईक टेबलावर ठेवला, आणि सभा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नसतील तोच पडद्यावर खाली एक ओळ आली : 'पंख्याची घरघर येते आहे. माईक पंख्याखाली आहे का?'

मी वर बघितलं. माईक बरोब्बर पंख्याखाली होता. सरकवला. लगेच दुसरी ओळ आली : 'आता बरं आहे. आभारी आहे.' पूर्णविरामासकट.

ही सभा कुणी बघत असेल असं मलाच वाटलं नव्हतं. नगरपरिषदेनं पारदर्शक कारभाराचा ठराव केला, दारावर फलक लावला आणि मला बोलावलं. बघणारे मोजकेच, तेही त्यांच्या गल्लीचा विषय आला की येणार आणि विषय संपला की जाणार. पण तुमची ओळ प्रत्येक सभेत यायची. 'दार आपटतं आहे, पाचर लावा.' 'खिडकीजवळचे गृहस्थ माईकपासून लांब बसले आहेत.' मला वाटलं, माझ्याच धंद्यातला कुणीतरी खोड काढतोय. चौथ्या सभेला मी खाली लिहिलं, 'आपण कोण? फोन करा,' आणि नंबर दिला.

सभा संपायच्या आत फोन वाजला.

"मी खैरुन्निसा. पडेगावहून बोलते. तुमच्या त्या गावच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. तुम्ही कॅमेरावाले ना? एक विचारू का?"

"विचारा ना."

"सभेत कुणीतरी मधून मधून पिशवीत हात घालून काहीतरी खातं. काय खातं?"

मला हसूच फुटलं. "फुटाणे, बाई."

"मला वाटलंच. शेंगदाण्याचा आवाज वेगळा येतो."

मी शहरातच राहतो आणि सभेला जायचं गाव तिकडून तासाभरावर. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. परत येताना शहराच्या कडेचं पडेगाव वाटेवरच लागतं, म्हणून मी पुढच्या सभेनंतर तुमच्याकडं आलो. तुम्ही दिवाणावर बसला होता. मांडीवर मोबाइल उपडा ठेवलेला. मी मनात म्हटलं, म्हातारीला फोन कसा धरायचा तेही ठाऊक नाही. तेवढ्यात तुमची नात रुखसार पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "दादी को दिखता नहीं अंकल. कमेंट मैं टाइप करती."

साखरेनं तुमचे दोन्ही डोळे घेतले होते. चार महिने मी ज्या एका माणसासाठी चित्र नीट यावं म्हणून धडपडत होतो, त्या माणसाला चित्र दिसतच नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही मला एकेका नगरसेवकाची ओळख करून दिली. मी त्यांना समोर बघत होतो, पण ओळख तुम्ही करून दिलीत. हा बोलायच्या आधी घसा खाकरतो, म्हणजे त्याचं वाक्य घरून पाठ करून आलेलं असतं. तो दुसरा कागदावरचं वाचतो, पण कागद त्यानं लिहिलेला नाही, कारण जोडाक्षराला अडखळतो. नगराध्यक्ष 'आपल्या सूचनेचा विचार करू' म्हणताना पेनाचं टोपण लावतात, मग विचार कधीच होत नाही. मी पुढच्या सभेत मुद्दाम लक्ष ठेवलं. आपा, टोपण लागत होतं.

"तुम्हाला इतकं कशासाठी ऐकायचं असतं?" मी विचारलं होतं. गाव सोडून इतकी वर्षं झाली होती. तिथं तुमचं ना घर उरलं होतं, ना मतदान.

तुम्ही म्हणालात, "अब्बांमुळं." तुमचे अब्बा त्याच गावच्या कमिटीत, म्हणजे आजच्या नगरपरिषदेत, कारकून होते. निजामाच्या काळात सभेची कारवाई उर्दूत लिहायचे. पोलीस ॲक्शन झाली, कचेरीचा कारभार मराठीत आला, आणि चाळिशीतल्या अब्बांना नोकरी टिकवायची तर मराठी लिहिणं भाग पडलं. तुम्ही तेव्हा अगदी लहान. बाप आणि लेक एका पाटीवर बाराखडी गिरवायला बसले. बाप रोज कचेरीतून आल्यावर सभेत कोण काय म्हणालं ते मोठ्यानं बोलून मराठीत मांडून बघायचा, आणि तुम्ही ऐकायच्या. "मी मराठी गोष्टींतून शिकले नाही बाबा," तुम्ही हसून म्हणालात, "नाल्या, दिवाबत्ती आणि कोंडवाडा, यातून शिकले."

मग माझं येणं नेमाचंच झालं. सभा झाली की पडेगाव, चहा, आणि भांडण.

भांडण तेच. मी म्हणायचो, चित्र महत्त्वाचं. माणूस खोटं बोलतोय की खरं, ते चेहऱ्यावर दिसतं. तुम्ही म्हणायच्या, "चेहरा त्याच्या ताब्यात असतो रे. समोर कॅमेरा आहे म्हटल्यावर तो चेहरा सांभाळतो. आवाजाकडं त्याचं लक्षच नसतं." मी म्हणायचो, पुरावा म्हणून लोकांना चित्र लागतं. तुम्ही म्हणायच्या, तू सगळ्या सभागृहात एकच माईक ठेवतोस, तोही बोलणाऱ्यापुढं; ऐकणाऱ्यांचं काय चाललंय ते कुणी ऐकायचं? एरवी इतकं शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही चिडलात की दखनीत शिरायच्या. "तेरे कू समझताच नै!" म्हणायच्या आणि रुखसार आतून हसायची.

एकदा तुम्ही मला वर्मावर मारलंत. "तू लग्नाच्या व्हिडिओवर सगळीकडं गाणं चढवतोस ना? नवरी निघताना तिची आई रडते. तो आवाज कुणी ठेवलाय? कुठं आहे तो?"

"लोक मागत नाहीत, आपा."

"मागत नाहीत, कारण तो असतो हेच त्यांना माहीत नाही."

घरी जाऊन मी माझ्याच बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावला. पाठवणीच्या वेळी माझी आई तोंड उघडून काहीतरी म्हणतेय आणि वर सनई वाजतेय. आई जाऊन आठ वर्षं झाली. ती काय म्हणत होती ते आता कधीच कळणार नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण तुम्ही जिंकला असता.

पण जे खरंच सांगायचं राहिलं ते वेगळंच आहे.

शाळेमागचं मैदान तुम्हाला सांगायला नको. तीस वर्षं तुम्ही तिथं शिकवलंत. ते मैदान भाजी मार्केटच्या पार्किंगसाठी भाडेपट्ट्यानं द्यायचा विषय सभेपुढं आला तेव्हा तुम्ही मला दोनदा फोन केलात. शाळेच्या वॉर्डाचा नगरसेवक रमेश, तुमचा विद्यार्थी. "रमेश बोलेल बघ," तुम्ही म्हणालात. "पाचवीत असताना कविता म्हणायला उभा केला की घामानं भिजायचा. पण म्हणायचा. पूर्ण म्हणायचा."

त्या दिवशी सभा सुरू झाली. पहिले दोन विषय झाले. मैदानाचा विषय यायच्या आधी नगराध्यक्षांनी माझ्याकडं बघून हात खाली केला. "कॅमेरावाले, जरा वेळ आवाज बंद ठेवा. अनौपचारिक बोलायचंय. चित्र राहू द्या." मी त्यांच्याकडं बघितलं. काम त्यांच्या सहीनं मिळालं होतं. मी मिक्सरवरची लाईव्हची कळ खाली ओढली. लोकांना चित्र दिसत राहिलं, आवाज गेला.

त्या सात मिनिटांत काय झालं ते तुम्ही मला मरेपर्यंत विचारत राहिलात, आणि मी केबल सैल झाली होती असं सांगत राहिलो. आता खरं सांगतो.

नगराध्यक्ष म्हणाले, "रमेश, किती वेळ बोलणार?"

रमेश म्हणाले, "पाच मिनिटं द्या. वॉर्डात तोंड दाखवायचंय."

"घे पाच. मग सभात्याग कर. तुम्ही तिघं बाहेर गेलात की मी विषय मंजुरीला टाकतो. सर्वानुमते होऊन जाईल, तुमच्या अंगावर काही येणार नाही."

"चालेल."

"माईक तेवढा सांभाळ. मागच्या वेळी मोडलास."

सगळे हसले. रमेशही हसले. कुणीतरी फुटाण्याची पिशवी पुढं केली, दोन्ही बाजूंच्या लोकांनी मूठमूठ घेतली. एरवी कॅमेऱ्यापुढं एकमेकांना अरे-तुरे करणारी ही माणसं भावासारखी बसली होती. मग नगराध्यक्षांनी हात वर केला आणि मी कळ वर सरकवली.

रमेश उत्तम बोलले. शाळेचं नाव घेतलं, मैदानातल्या खो-खोच्या खांबांचं नाव घेतलं, तुमचंही नाव घेतलं. टेबलावर हात आपटला आणि दोघांना घेऊन सभागृहाबाहेर पडले. मी कॅमेरा त्यांच्या मागोमाग दारापर्यंत नेला. काय चित्र मिळालं होतं! मागं नगराध्यक्ष भराभर म्हणाले, "विषय मंजूर? मंजूर, मंजूर. पुढचा विषय."

मी गाडीवर बसतोय तोच तुमचा फोन. तुमचा आवाज इतका उंच मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "ऐकलंस ना? माझा रमेश! ठराव झाला तर झाला, पण गप्प नाही बसलं पोरगं!"

मी म्हणालो, "व्हय आपा. छान बोलले."

एवढंच म्हणायला मला किती जड गेलं ते तुम्हाला आवाजावरून कळलं नसेल? तुम्हाला? मी आजही याचा विचार करतो.

दोन दिवसांनी तुम्ही मला बोलावून घेतलंत. "हेडफोन घेऊन ये. मला काहीतरी ऐकू आलंय, खात्री करायचीय." रुखसारनं रेकॉर्डिंग लावलं, तुम्ही बोटानं मोजत होता. "रमेश उठला... दार... आता थांब. 'मंजूर, मंजूर'च्या मागं ऐक."

मी ऐकलं. काही नाही. पुन्हा. पाचव्यांदा कानावर हात दाबून ऐकलं तेव्हा मागच्या रांगेतून, खुर्च्यांच्या खडखडाटाखालून, एका बाईचा आवाज आला : "माझा इरोध हाय. लिहून घ्या."

"लंकाबाई," तुम्ही म्हणालात.

लंकाबाई पहिल्यांदाच निवडून आलेल्या. मागं बसायच्या. बोलायला उठल्या की कुणीतरी मधेच बोलायचं आणि त्या खाली बसायच्या. त्या दिवशी बस चुकल्यामुळं त्या उशिरा आल्या, सात मिनिटांच्या त्या बोलण्यानंतर. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सभागृहात त्यांच्यापासून पंधरा फुटांवर उभा होतो आणि मला तो आवाज आला नाही, कारण मी दारातलं चित्र घेत होतो.

तुम्ही 'बघ, मी सांगत होते' असं काही म्हणाला नाहीत. "त्यांना फोन लाव," एवढंच.

लंकाबाई फोनवर आधी घाबरल्या. मग म्हणाल्या, "बाई, मी लई जोरात म्हणले होते. कुणी वळून बी बघितलं नाय. मला वाटलं, माझंच चुकलं आसंल. आसं मधी बोलायचं नसतंय का?"

"चुकलं नाही," तुम्ही म्हणालात. "पुढच्या सभेत पहिला विषय असतो मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. त्यात 'सर्वानुमते' असं लिहून येईल. तेव्हा उठायचं. बसा म्हटलं तरी बसायचं नाही."

"मला लिहून द्या, मी पाठ करते."

"पाठ नका करू. परवा म्हणालात तसंच म्हणा."

पुढच्या सभेला मी तुमच्या सांगण्यावरून दुसरा माईक नेला, सभागृहातल्या स्पीकरला जोडला आणि मागच्या रांगेत ठेवला. इतिवृत्त वाचलं गेलं. सर्वानुमते. लंकाबाई उठल्या. "माझा इरोध व्हता. त्यो लिहिला नाय." नगराध्यक्ष म्हणाले, ताई, असं काही झाल्याचं कुणाला आठवत नाही, बसा. त्या बसल्या नाहीत. पदराआडून मोबाइल काढला, रुखसारनं पाठवलेला तेवढाच तुकडा लावला, आणि माझ्या त्या दुसऱ्या माईकला टेकवला. त्यांचाच आवाज सभागृहभर घुमला. लिहून घ्या, लिहून घ्या.

मुख्याधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. 'एका सदस्याचा विरोध.' मी कॅमेऱ्यातून बघत होतो. रमेश टेबलाकडं बघत होते.

त्या एका ओळीच्या जोरावर लंकाबाईंनी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज केला. सर्वानुमते झालेल्या ठरावाविरुद्ध कुणाचा अर्ज असणार होता? ठरावाला स्थगिती आली. मैदान अजून मैदानच आहे. पुढं काय होईल सांगता येत नाही, पण परवा मी तिथून गेलो तेव्हा मुली खो-खो खेळत होत्या आणि तुमच्या भाषेत सांगायचं तर आरडाओरडा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

त्यानंतर साखरेमुळं आलेलं तुमचं किडनीचं दुखणं वाढलं. दवाखान्यात पलंगावर पडूनही तुम्ही सभा ऐकायच्या. शेवटच्या महिन्यात आपण भेटलो तेव्हा तुमचा आवाज अगदी खाली गेला होता. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. लंकाबाई आता पुढच्या रांगेत बसतात का. मी म्हणालो, दुसऱ्या रांगेत. रमेश कसा आहे, फोन उचलत नाही. मी म्हणालो, कामात असतील. आणि मग, "ती केबल नीट केलीस का?"

"केली, आपा."

तुम्ही माझा हात शोधलात आणि नुसता धरून ठेवलात. बराच वेळ. मी तुमच्या चेहऱ्याकडं बघत होतो. चेहऱ्यावर काय ते कळतं असं म्हणणारा मी, मला काही कळलं नाही. तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून मला सांगायची संधी देत होता का? की एका म्हाताऱ्या बाईनं दमून एका ओळखीच्या माणसाचा हात धरला होता, एवढंच होतं ते?

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं आलो तेव्हा रमेश आले होते. पुरुष मंडळी अंगणात बसली होती. माझ्याजवळची खुर्ची रिकामी होती, तिथं येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "बाई मला फोन करायच्या. तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे."

"एकदाही उचलला नाही. उचलला असता तर सांगावं लागलं असतं. बाईंपुढं खोटं बोलता यायचं नाही मला. वर्गातही कधी आलं नाही."

"मला आलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं की तुम्ही विचारत होता, आणि मी केबलवर ढकलत होतो. मला वाटलं ते सुटल्यासारखे होतील. तसं झालं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि विचारलं, "ते सात मिनिटांचं तुमच्याकडं आहे?"

लाईव्हचा आवाज मी बंद केला होता, पण कॅमेऱ्यातल्या कार्डावर सगळं उतरलेलं होतं. मी म्हणालो, आहे. त्याचं काय करणार, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं. हे एका माणसाला विचारायचं होतं आणि तिच्याच अंगणात आम्ही बसलो होतो.

काल रमेश माझ्या स्टुडिओत आले. स्वतःहून. म्हणाले, ऐकवा. मी हेडफोन दिला आणि पडदा बंद ठेवला. सात मिनिटं ते बसून होते. हसण्याचा आवाज आला असेल तिथं त्यांच्या मानेवरची शीर हलली. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदाही पूर्ण ऐकलं.

उठताना म्हणाले, "गुरुवारी सभा आहे. मी सगळ्यांत आधी बोलायला मागणार आहे."

"काय बोलणार?"

"तुम्ही आवाज चालू ठेवा," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी आजवर त्यांची कितीतरी भाषणं टिपली, आपा, पण या एका वाक्याचा अर्थ मला लावता आला नाही. ते मोठ्यानं नव्हतं, पाठ केलेलंही नव्हतं. घसा खाकरला नव्हता. ते खरंच सांगतील? की उभं राहून पुन्हा खो-खोच्या खांबांवर बोलतील? आणि ते गप्प बसले, तर कार्डावरचं लोकांपुढं ठेवायचं धाडस मला होईल?

तुम्ही त्या एका वाक्यावरून मला आत्ताच सांगितलं असतं. मला गुरुवारपर्यंत थांबावं लागणार.

तुमचा,
दिलीप